शिट्टी बरोबर असली म्हणजे सिग्नल कुठलाही चालतो का?

बास्केटबॉलमधे अटीतटीच्या वेळी एखादा फाऊल दिला गेला की त्याची स्लो मोशन क्लिप फिरायला लागते आणि बघता बघता दोन तट पडतात. एक तट म्हणतो, रेफ्रीने चार्ज (बॉलवाला डिफेंडरवर जाऊन आदळल्याचा फाऊल) दाखवला पण बॉलवाल्याने तर हाताने ढकललं होतं, म्हणजे याला काही दिसलंच नाही, अख्खा निर्णयच चुकीचा. दुसरा तट म्हणतो, अरे फाऊल होता ना, बॉल बरोबर टीमला मिळाला ना, मग रेफ्रीने मूठ तळहातावर आपटली काय किंवा ढकलल्याची ॲक्शन केली काय, कुणाला काय फरक पडतो. मग दोन्हीकडून शिव्याशाप, आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. मला हे दोन्ही तट पटत नाहीत. पहिल्याला सिग्नल हाच निर्णय वाटतो आणि दुसऱ्याला सिग्नल म्हणजे निव्वळ शोभेची गोष्ट वाटते.

माझं म्हणणं असं की फाऊलचा सिग्नल हे त्या निर्णयाचं कारण आहे, आणि कारण शिट्टीच्या आधी ठरलेलं असायला पाहिजे, शिट्टी मारून झाल्यावर ते शोधत बसायचं नसतं. शिट्टी मारल्यावर ज्याला प्रश्न पडतो की आता कुठली खूण करू, त्याला खुणा येत नाहीत असं सहसा नसतं. खुणांचा तक्ता दोन दिवसांत पाठ होतो. त्याने नेमका संपर्क पाहिलेला नसतो, आवाज ऐकलेला असतो, कुणीतरी पडलेलं पाहिलेलं असतं, प्रेक्षक ओरडलेले असतात आणि त्या सगळ्याच्या धक्क्याने शिट्टी वाजलेली असते. म्हणून योग्य सिग्नल कसा निवडायचा या प्रश्नाचं उत्तर हातात नाही, खेळ कसा पाहायचा त्यात आहे.

आधी हे काम नेमकं चालतं कसं ते बघू, कारण वाद घालणाऱ्या बऱ्याच जणांना तेवढंही ठाऊक नसतं. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, पद्धतीत फाऊल झाला की शिट्टीबरोबर एक हात सरळ वर, मूठ बंद. ट्रॅव्हलिंगसारखं (बॉल न टपकवता पावलं टाकण्यासारखं) व्हायोलेशन असेल तर मूठ नाही, उघडा तळवा. या पहिल्या खुणेत कारण काहीच नसतं, फक्त घड्याळ थांबवा एवढंच असतं. मग रेफ्री स्कोअरर टेबलला नीट दिसेल अशा जागी जातो आणि तीन गोष्टी क्रमाने सांगतो: खेळाडूचा नंबर, फाऊलचा प्रकार आणि पुढे काय, म्हणजे फ्री थ्रो किती किंवा बॉल कुठल्या दिशेला. प्रकार सांगायला ठरलेल्या खुणा आहेत. दोन्ही हात कमरेवर म्हणजे ब्लॉकिंग (डिफेंडरने अंग मधे घालून वाट अडवणं), दोन्ही हातांनी ढकलल्याची ॲक्शन म्हणजे पुशिंग, मनगटावर फटका म्हणजे हाताचा बेकायदा वापर, उघड्या तळव्यावर मूठ आपटली तर बॉलवाल्या खेळाडूचं चार्जिंग. मनगट पकडून हात खाली ठेवला तर होल्डिंग, आणि तेच मनगट पकडून हात वर नेला तर अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खेळाला न शोभणारा फाऊल. म्हणजे हात खाली की वर एवढ्याशा फरकात साधा पर्सनल फाऊल आणि दोन फ्री थ्रो अधिक बॉलचा ताबा एवढं अंतर आहे, आणि तसे दोन झाले की खेळाडू मॅचमधून बाहेर.

आता दुसऱ्या तटाचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, कारण तो खरंच भक्कम आहे. त्या तीन गोष्टींपैकी नंबर आणि पुढची शिक्षा यांचा हिशोब होतो, मधल्या प्रकाराचा मात्र बहुतेक वेळा होतच नाही. स्कोअरशीटवर पर्सनल फाऊलसाठी पी लिहितात, फ्री थ्रो असतील तर शेजारी आकडा. ढकललं असो, धरलं असो, मनगटावर मारलं असो, कागदावर सगळा पी. टेक्निकलला (संपर्काचा नसलेला, वागणुकीचा फाऊल) टी, अनस्पोर्ट्समनलाइकला यू, पण होल्डिंगला वेगळं अक्षर नाही. खेळाडू बाहेर जाईपर्यंतचे पाच फाऊल मोजताना कुणी विचारत नाही की यातले पुशिंग किती. टीमचे एका क्वार्टरमधे चार झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो, तिथेही फरक एवढाच की बॉल स्वतःच्या टीमच्या ताब्यात असताना केलेला फाऊल असेल तर फ्री थ्रो नाहीत. म्हणजे नियमच सांगतोय की डिफेंडरने धरलं की ढकललं याने निकाल बदलत नाही. मग ज्या गोष्टीने निकाल बदलत नाही तिच्यावरून एवढा आरडाओरडा कशासाठी?

तर त्याचं उत्तर खेळाच्या जन्मातच सापडतं. डिसेंबर 1891 मधे स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने तेरा नियम लिहिले. पाचवा नियम असा की खांद्याने धक्का द्यायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही, पाय घालून पाडायचं नाही, मारायचं नाही. आणि शिक्षा? पाचही प्रकारांना एकच. पहिल्यांदा केलं तर फाऊल, दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. शिक्षा जर एकच होती तर नेस्मिथने 'दांडगाई करू नका' एवढं लिहून मोकळं व्हायला हवं होतं ना? त्याने पाच प्रकार वेगवेगळे लिहिले, कारण समोर वर्गातली अठरा पोरं होती आणि नेमकं काय करायचं नाही हे त्यांना कळल्याशिवाय खेळ चालणारच नव्हता. शिक्षा सांगून माणूस घाबरेल, पण सुधारायचं असेल तर त्याला कारण लागतं. स्कोअरशीटवरचा पी शिक्षेपुरता असतो, खूण खेळाडूसाठी असते. या दोन वेगळ्या कामांची गल्लत केली की 'फरक काय पडतो' हा प्रश्न तयार होतो.

एक प्रसंग जवळून बघू. ड्रिबल करणारा उजवीकडून आत घुसतोय, डिफेंडर बाजूने सोबत सरकतोय, पाय चांगले चाललेत, छाती समोर आहे. शेवटच्या पावलाला ड्रिबलवाला रिकामा डावा हात डिफेंडरच्या बरगडीवर टेकवतो, कोपर सरळ करतो, एक हात जागा मिळवतो आणि शॉटला उठतो. शिट्टी. फाऊल अटॅकरचा, बॉल दुसऱ्या टीमला, इथपर्यंत सगळं बरोबर. आता रेफ्रीने सवयीने तळव्यावर मूठ आपटली, म्हणजे चार्ज. बेंचवरच्या कोचला काय कळलं? आपला पोरगा डिफेंडरच्या अंगावर जाऊन आदळला. तो ओरडून सांगणार, आदळू नकोस, आधी थांब, पुल अप घे, म्हणजे आत न आदळता थांबून शॉट मार. पोरगा पुढच्या वेळी आत घुसायचंच टाळेल. प्रत्यक्षात त्याची घुसण्याची रेषा ठीक होती, चूक फक्त डाव्या हाताची होती, आणि तो हात तसाच राहिला. पुढच्या पझेशनला बाहेरून शॉट घेताना पुन्हा तोच हात, पुन्हा फाऊल, आणि आता कोच चिडलेला की हा रेफ्री आमच्या मागे लागलाय. चूक केली हाताने आणि शिक्षा भोगली पायांनी, वड्याचं तेल वांग्यावर ते हेच. निकाल बदलला नाही, खरंय. पण पुढची दहा मिनिटं बदलली, त्याचा हिशोब कोण ठेवणार?

यावर कुणी म्हणेल की कोचने स्वतः पाहावं, त्याला डोळे नाहीत का? आहेत, पण तो पंचवीस मीटर लांब आडव्या कोनातून बघतोय आणि मधे सहा खेळाडू आहेत. रेफ्री त्या जागी उभा असतो तो कोन मिळावा म्हणूनच. दोघांच्या मधली फट दिसेल अशा ठिकाणी जायचं, बॉलपेक्षा डिफेन्सवर नजर ठेवायची, खेळ सुरू होताना, वाढताना आणि संपताना पूर्ण बघायचा आणि मगच ठरवायचं, हे कुठल्याही बऱ्या ट्रेनिंगमधे पहिल्या दिवशी शिकवतात. एवढी मेहनत करून जे दिसलं ते सांगायच्या वेळी मात्र मोघम काहीतरी हातवारे करायचे, हे मला कधीच समजलेलं नाही.

मोघमपणाचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे ज्या खुणा पुस्तकात नाहीतच त्या. रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडताना, मागच्या उंच खेळाडूने पुढच्याच्या डोक्यावरून बॉल काढला की प्रेक्षकांतून 'ओव्हर द बॅक' अशी आरोळी उठते, आणि काही रेफ्री हात पुढे काढून वरून खाली वाकवत तशीच खूण करतातही. पण ओव्हर द बॅक नावाचा फाऊल नियमात नाही. मागच्याने संपर्क न करता वरून बॉल घेतला तर तो उंच आहे किंवा छान उडी मारतो, एवढाच त्याचा गुन्हा. त्याने पाठीत ढकललं असेल तर ते पुशिंग, खांदा धरून ठेवला असेल तर होल्डिंग. 'रीचिंग इन'चंही तसंच, बॉलकडे हात नेणं हा गुन्हा नाही, हातावर हात पडणं हा गुन्हा आहे. आता विचार करा, रेफ्रीला जर पुस्तकातलीच खूण करायची सक्ती असेल तर त्याला क्षणभर स्वतःला विचारावं लागतं, ढकललं का, धरलं का? दोन्हींचं उत्तर नाही असं आलं तर त्याच्याकडे खूणच उरत नाही, आणि खूण उरत नाही याचा अर्थ शिट्टी मारायला नको होती. तोच रेफ्री हवेत वाकडा हात फिरवायला मोकळा असेल तर हा प्रश्न त्याला पडतच नाही, आणि नियमात नसलेला फाऊल हळूहळू मैदानावर खरा होऊन बसतो. म्हणून मी ठरलेल्या खुणांचा आग्रह धरतो. त्या दिसायला नीटनेटक्या असतात म्हणून नाही, त्या करण्याआधी रेफ्रीला स्वतःच्या शिट्टीला जाब विचारावा लागतो म्हणून.

मान्य आहे की पुस्तकही मैदानाकडून शिकत आलंय. डोक्यावर लागलेला मार, हात अडकवून खेचणं, फाऊल झाल्याचं नाटक, यांच्या वेगळ्या खुणा आज फिबाच्या तक्त्यात आहेत आणि जुन्या तक्त्यांत त्या नव्हत्या. खुणा व्यवस्थेगणिक वेगळ्याही असतात, अमेरिकेत हायस्कूलच्या मॅचमधे बॉलवाल्याच्या फाऊलला रेफ्री एक हात डोक्यामागे नेतो आणि फिबाचा रेफ्री तळव्यावर मूठ मारतो. म्हणजे खूण ही ठरवलेली गोष्ट आहे, आकाशातून पडलेली नाही, उद्या सगळ्यांनी मिळून दुसरी ठरवली तर तीही चालेल. पण सगळ्यांनी मिळून ठरवणं वेगळं आणि एकट्याने मॅचच्या मधे नवीन शोधून काढणं वेगळं. भाषासुद्धा बदलते, म्हणून कुणी स्वतःपुरते शब्द बनवून साक्ष द्यायला उभं राहत नाही.

ब्लॉक की चार्ज हा तर या सगळ्याचा कळस. धडक एकच, पडलेला माणूसही एकच, पण कारण उलटं झालं की फाऊल एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे जातो. इथे मधली खूण निरुपद्रवी राहत नाही, तीच निकाल असते. डिफेंडर समोर तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून आधी उभा होता का, नंतर बाजूला किंवा मागे सरकत राहिला का (सरकायला परवानगी आहे, पुतळ्यासारखं उभं राहायची सक्ती नाही, हा गैरसमज प्रचंड पसरलेला आहे), धक्का छातीवर बसला का, अटॅकर हवेत गेल्यानंतर तर हा खाली येऊन उभा राहिला नाही ना, बास्केटखालच्या अर्धवर्तुळात (तिथे उभ्या डिफेंडरला चार्ज मिळत नाही) तर नव्हता ना, इतके प्रश्न एका सेकंदाच्या आत. त्या अर्धवर्तुळाची सोयही आयत्या वेळी होणारे घोळ कमी करायलाच आली, एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधे 1997 मधे आणि फिबात 2010 मधे 1.25 मीटर त्रिज्येचं. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलने पुरुषांच्या खेळात 2023-24 पासून ठरवलं की अटॅकरने उडीसाठी शेवटचं पाऊल रोवलं त्या क्षणी डिफेंडर जागेवर असायला हवा. नियम असे बारीक होत गेले कारण 'मला तसं वाटलं' हे कारण लोकांना पुरेना.

आणि इथेच दोन रेफ्रींची गोष्ट येते. एकाच धडकेवर दोघांनी शिट्टी मारली, एकाने हात कमरेवर ठेवले आणि दुसऱ्याने चार्ज दाखवला, याला अमेरिकेत ब्लार्ज म्हणतात, आणि तिथल्या हायस्कूलच्या नियमांप्रमाणे एकदा दोन्ही खुणा झाल्या की दोन्ही फाऊल नोंदवावे लागतात, डबल फाऊल. म्हणजे जे दोन्ही एकाच वेळी घडणं शक्यच नाही ते दोन्ही घडलं असं टेबलवर लिहिलं जातं. तर्काला धरून अजिबात नाही, पण त्यातून एक गोष्ट लख्ख कळते. हात नुसता मुठीत वर थांबला असता, दोघांनी एकमेकांकडे बघितलं असतं, ज्याच्या एरियात खेळ होता त्याने पुढे येऊन कारण सांगितलं असतं तर हा घोळ झालाच नसता. पहिली खूण कारणाविना ठेवली आहे ती यासाठीच. वर गेलेली मूठ विचाराला जागा देते आणि घाईने खाली आलेला हात ती जागा खाऊन टाकतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते रेफ्रीच्या बाबतीत अक्षरशः घडतं.

एक आक्षेप आपल्या लोकांकडून नेहमी येतो, तो क्रिकेटचा. अंपायर बोट वर करतो आणि विषय संपतो, कॅच का एलबीडब्ल्यू हे तो सांगत नाही, हाऊज दॅटच्या एका अपीलात बाद होण्याचे सगळे प्रकार येतात, नियमच तसा आहे. शंभराहून जास्त वर्षं तो खेळ कारण न सांगता चाललाय, मग बास्केटबॉलवाल्यांना कसली घाई? मुद्दा चांगला आहे, पण दोन गोष्टी विसरतो. एक तर बाद झालेला फलंदाज तंबूत जातो, त्या डावात त्याला काही सुधारायचं उरत नाही. बास्केटबॉलमधे फाऊल केलेला माणूस कोर्टवरच असतो, दहा सेकंदांनी त्याच माणसाला गार्ड करणार असतो आणि त्याच्याकडे अजून चार फाऊल शिल्लक असतात. त्याला कारण आत्ता हवंय. दुसरं म्हणजे क्रिकेटसुद्धा त्या मूक बोटावर थांबलेलं नाही. आता रिव्ह्यूच्या वेळी थर्ड अंपायर एकेक पायरी मोठ्याने बोलत जातो, आधी नो बॉल बघू, मग बॅट लागली का, मग बॉल कुठे पडला, आणि प्रेक्षक ते ऐकतात. निर्णयाशी सहमत नसलेला माणूसही तो कसा आला हे समजून घेऊ शकतो. बोटाला जे जमत नव्हतं ते आवाजाने भरून काढावं लागलं ना?

फुटबॉलचा इतिहास तर याहून बोलका आहे. 1966 च्या वर्ल्ड कपमधे वेम्ब्लीवर इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना, क्वार्टर फायनल. जर्मन रेफ्री क्राइटलाइनने अर्जेंटिनाचा कॅप्टन रातीनला बाहेर काढलं, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, रातीन कितीतरी मिनिटं मैदान सोडायला तयार नव्हता. त्याच मॅचमधे इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना ताकीद मिळाल्याचं मागाहून वर्तमानपत्रांतून कळलं. ज्याला ताकीद दिली त्यालाच ती पोचत नसेल तर ती दिली कुणाला? इंग्लिश रेफ्री केन ॲस्टनने त्यावर पिवळ्या लाल कार्डांची कल्पना काढली आणि 1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून कार्डं आली. पण कार्ड फक्त गुन्हा किती मोठा ते सांगतं, गुन्हा काय ते सांगत नाही, म्हणून 'पण कार्ड कशाबद्दल?' हे भांडण अर्धशतक चालूच राहिलं. शेवटी 2023 मधे, महिला वर्ल्ड कपसारख्या स्पर्धांत, रेफ्रींनी व्हिडिओ पाहून आल्यावर माइकवर निर्णय आणि त्याचं कारण स्टेडियमला सांगायला सुरुवात केली. फुटबॉल ज्या दिशेने पन्नास वर्षांनी निघालं, त्या दिशेला बास्केटबॉल खुणांच्या रूपाने आधीपासून आहे. हातात असलेली चांगली गोष्ट आपणच 'काय फरक पडतो' म्हणून टाकून द्यायची का?

दुसरा एक आक्षेप रेफ्री लोकांमधूनच येतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. ते म्हणतात, निर्णय विकावा लागतो. जवळचा कॉल असेल तर खणखणीत शिट्टी, जोरकस हात, दोन पावलं पुढे, म्हणजे कोर्टवर शंका राहत नाही आणि मॅच हातात राहते. पुस्तकी मवाळ खूण केली की दोन्ही बेंच उठून उभी राहतात. यात तथ्य आहे. घाबरत केलेली बरोबर खूणसुद्धा कुणाला पटत नाही, आणि देहबोली हा रेफ्रीच्या कामाचा भाग आहे यात वाद नाही. पण विकायला आधी माल लागतो. ज्या कॉलमधे रेफ्रीने संपर्क स्वच्छ पाहिलाय तिथे जोर लावला तर तो जोर खरा असतो. ज्यात त्याला स्वतःलाच खात्री नाही तिथे तो सगळ्यात जास्त जोर लावत असेल तर ते लोकांना फसवणं झालं, आणि खेळाडू हे फार लवकर ओळखतात. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्यांना कळलेलं असतं की या माणसाचा हात जितका मोठा फिरतो तितकं त्याला कमी दिसलेलं असतं.

तिसरा गट म्हणतो की खुणांच्या मागे लागल्याने रेफ्री रोबॉट होतात. इथे मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. नवीन रेफ्रीला आरशासमोर उभं करून पन्नास खुणा घटवून घ्यायच्या, मग मॅचमधे त्याचे कोपर सरळ आहेत का, बोटं पसरलीत का यावर मार्क द्यायचे, आणि त्याने डिफेंडरचे पाय पाहिले का हे कुणी विचारायचंच नाही, याला ट्रेनिंग म्हणत नाहीत. असा पोरगा मॅचमधे खेळ बघायच्या ऐवजी स्वतःचे हात बघतो. पण याचा दोष खुणेवर ढकलू नका, शिकवण्याच्या क्रमाचा दोष आहे तो. आधी क्लिप दाखवा आणि फक्त एक वाक्य मागा: कुणी, कशाने, कुठे संपर्क केला आणि त्याने समोरच्याचं काय नुकसान झालं? तेवीस नंबरने डाव्या हाताने ड्रिबलरची कंबर धरली, त्यामुळे त्याचा वेग तुटला. हे वाक्य ज्याला जमलं त्याला होल्डिंगची खूण शिकवायला दोन मिनिटं पुरतात. ज्याला जमलं नाही त्याला खूण शिकवूच नका, अजून क्लिप दाखवा. आणि एकाच वेळी दोन तीन संपर्क झाले, म्हणजे कंबरही धरली आणि मनगटावरही फटका पडला, तर? मग ज्या संपर्काने आधी खेळ बिघडवला तो निवडायचा. कंबर धरल्याने वेग तुटला असेल तर पुढचा फटका हा नंतरचा, कारण होल्डिंग. निवड कठीण आहे, कबूल, पण ती अशी करता येते आणि मॅचनंतर समजावूनही सांगता येते.

गंमत बघा, खेळाने खुणांसाठी पूर्वी केवढ्या तडजोडी केल्यात. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधे वर्षानुवर्षं सहा ते नऊ हे अंक जर्सीवर चालत नव्हते, कारण रेफ्रीच्या एका हाताला बोटं पाच. ते बंधन 2023-24 ला उठलं. फिबाच्या मॅचमधे कित्येक वर्षं चार ते पंधरा एवढेच नंबर होते, 2014 नंतर शून्यापासून नव्याण्णवपर्यंत मोकळीक आली आणि रेफ्रींना दशकाचा अंक हात उलटा धरून आणि एककाचा सरळ दाखवायला शिकावं लागलं. टेबलला नंबर चुकीचा कळू नये म्हणून खेळाडूंच्या जर्सीसुद्धा बदलल्या गेल्या, आणि त्यात काही चूक नव्हती, टेबल आणि रेफ्री यांचं एकमेकांना कळलं नाही तर काय होतं ते 1972 च्या म्युनिक ऑलिंपिक फायनलने दाखवलंय. सोव्हिएत टीमचा टाइमआउट मिळाला की नाही यावरून कोर्ट, टेबल आणि अधिकारी यांच्यात इतका गोंधळ झाला की शेवटचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले, 51-50 असा निकाल लागला, एका रेफ्रीने स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला आणि अमेरिकन टीमने सिल्व्हर मेडल आजतागायत घेतलेलं नाही. नंबर आणि शिक्षा याबद्दल एवढा काटेकोरपणा, तर मधल्या कारणाबद्दल 'चालतंय' का?

कारण नीट सांगितल्याने खेळ बदलतो याचा पुरावा हवा असेल तर हँड चेक बघा. बाहेर ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला वळवत राहणं हा एनबीएत डिफेन्सचा रोजचा भाग होता. 1994-95 ला त्याला आवर घालायची एक फेरी झाली आणि 2004-05 पासून फारच कडक धोरण आलं. गार्डना, म्हणजे बाहेरून ड्रिबल करत खेळवणाऱ्यांना, मोकळं खेळता येऊ लागलं, आत घुसणं सोपं झालं. आता हे फक्त जास्त शिट्ट्या मारून झालं असतं का? डिफेंडरला दर वेळी कळायला हवं होतं की शिट्टी पायांबद्दल नाही, अंग मधे घातल्याबद्दल नाही, त्या टेकलेल्या हाताबद्दल आहे. तेव्हा कुठे तो हात काढून पायांनी डिफेन्स करायला लागला. रेफ्रींनी एका रात्री हँड चेक, दुसऱ्या रात्री ब्लॉक आणि तिसऱ्या रात्री मनगटावरचा फटका अशा कुठल्याही खुणा केल्या असत्या तर खेळाडूंनी एवढाच अर्थ काढला असता की हल्ली शिट्ट्या वाढल्यात, नशीब वाईट.

शिवाय कोर्टवर सगळ्यांना एक भाषा येत नाही हे लक्षात ठेवा. फिबाच्या दोनशेहून जास्त सदस्य देशांच्या मॅचमधे तीन रेफ्री तीन देशांचे आणि टीम आणखी दोन देशांच्या हे रोजचंच आहे. बधिर खेळाडूंच्या स्पर्धा तर 1924 पासून होतायत, डेफलिंपिक्समधे बास्केटबॉल आहे आणि तिथे शिट्टीसुद्धा कामाची नाही. त्या खेळाडूला मोघम खूण मिळाली तर तो रेफ्रीला वाक्यात काय विचारणार?

शेवटचा मुद्दा, जो उघडपणे कुणी मांडत नाही पण आचरणात सर्रास असतो. मोघम खूण सोयीची असते. पुशिंग दाखवलं तर कोच म्हणणार, कुठे ढकललं दाखव. त्यापेक्षा मनगटावर मारल्याची खूण करायची, ती कुठेही खपते, हात तर कुठे ना कुठे लागलेलाच असतो. अशाने त्या मिनिटाची वेळ मारून नेता येते खरी, पण त्यात चोर सोडून संन्याशाला फाशी जाते, ज्याने अंगाने ढकललं तो तसाच ढकलत राहतो आणि सगळे आपापले हात तपासत बसतात. त्यापेक्षा खरं कारण सांगावं आणि वाद झालाच तर त्या कारणावर होऊ द्यावा. जागेवर एक खूण केली आणि टेबलकडे जाता जाता लक्षात आलं की नाही, तो चार्ज नव्हता, डाव्या हाताने ढकललं होतं, तर टेबलला सरळ पुशिंग दाखवावं आणि जवळच्या कोचला एका वाक्यात सांगावं की डावा हात सरळ केला म्हणून. आज असं खूण बदलणाऱ्याला कच्चा रेफ्री समजतात आणि चुकीच्या खुणेवर ठाम राहणाऱ्याला पक्का. मॅचनंतर रेफ्रीचं मूल्यमापन करणाऱ्यांनी हे उलटं करावं, फॉर्मवर कोपर किती सरळ होता याचा रकाना ठेवण्याआधी एक रकाना असा ठेवावा की क्लिपमधला संपर्क आणि टेबलला दाखवलेला प्रकार एकच आहे का, आणि जिथे रेफ्रीने स्वतःहून खूण दुरुस्त केली तिथे मार्क कापू नयेत, द्यावेत.